फुगवून पाच सेंटिमीटर

माणूस आपलं भवितव्य स्वतः घडवतो. गंगापूर रोडवरच्या एका प्रोटीन पावडरच्या दुकानात ते डब्यात भरून मिळतं, चॉकलेट आणि व्हॅनिला अशा दोन चवींत. रांगेत माझ्यापुढे दोन बाप उभे होते. एक शहरातले, दोन्ही चवींचे डबे हातात धरून अडलेले. दुसरे टोपीवाले, इगतपुरीकडचे.

“काका, यातला कोणता घेऊ? आमच्या हर्षलची पोलीस भरती आहे.”

“चॉकलेटचा घ्या. आमच्या सोमनाथनं त्योच खाल्ला. भरतीसाठीच.”

“गुण आला?”

“लय. शर्टाची बटनं लागंनात.”

“मग लागला पोलिसात?”

“नाय. छातीत नापास झाला.”

“एवढी भरूनसुद्धा?”

“भरली हो, मापाच्या वर भरली. पण श्वास घेतला की ती पाच सेंटिमीटर फुगावी लागती. चारच फुगली.”

“आधी फुगायची?”

“आधी रोज घाट पळत चढायचा ना. भात्यावानी फुगायची. मीच पळणं बंद केलं. म्हनलं, एवढं महागाचं खातो, पळून कशाला जाळतो?”

“पुढच्या भरतीला बसवा की.”

“वय उलटलं त्याचं. मला काय बोलला नाय. बोलला असता तर बरं झालं असतं.”

“आता काय करतो?”

“कॉलेज रोडला एका हॉटेलाच्या दारात उभा राहतो. बाउन्सर.”

“मग हा डबा कोणासाठी?”

“त्याच्यासाठीच. दंड उतरले तर मालक काढून टाकील. अन् त्याच्या पगारात डबा बसत नाय.”