टॉवेल आणि उडणारा गडी

बारामती स्टँडवर एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली, म्हणजे जोतीरामआबांचे दुखरे गुडघे कळस गावापर्यंत बसून जाणार होते. चढून पाहतात तर त्यांचाच टॉवेल मांडीवर घेऊन एक कॉलेजकुमार बसलेला. टी-शर्टवर सिनेमातला उडणारा हिरो.

"ऊठ गड्या, मला कळसला जायचंय. तू उडणारा, तुला शीट कशाला?"

"असले पिच्चर बघता व्हय, आबा?"

"समदे बघितल्यात नातवाच्या मोबाईलवर. पयल्या भागात शक्ती मिळती, दुसऱ्यात जाती, तिसऱ्यात माघारी येती. दुसऱ्यात मला लई रडाय येतं."

"माझा दुसराच चाललाय, आबा."

"आरारा! कवाधरनं?"

"सकाळधरनं."

"मग बस बाबा, बस. तिसरा कवा?"

"कळसच्या फुडं."

कळसला आबा टॉवेल घेऊन उतरले. शक्ती पोराची गेली होती, लंगडत मात्र आबा होते.