संत्री उत्तरेकडे वाहतात

समारंभाचे अध्यक्ष माननीय बंदर-अधीक्षक, राजधानीहून आलेले सन्माननीय उपसचिव, व्यासपीठावरील मान्यवर, आपले सत्कारमूर्ती कॅप्टन वुकोसाव रास्पोपोविच, त्यांच्या पत्नी श्रीमती स्ताना, आणि उल्त्सिन बंदरातील सहकाऱ्यांनो,

पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी आहे. ती चुकून राहिलेली नाही. ती अल्बानियातल्या शेजारच्या बंदरात कॅप्टनसाहेबांच्याच हुद्द्यावर राहिलेले प्रेंक मार्कू यांच्यासाठी ठेवली होती. पाहुणे हद्दीपलीकडचे, म्हणून निमंत्रण रीतसर दोन्ही राजधान्यांमार्गे पाठवलं. पाच आठवडे झाले. ते अजून पोहोचलेलं नाही.

मी इथे कॅप्टनसाहेबांच्या तेलगळती-नियंत्रण कक्षात रुजू झाले तेव्हा मला पहिलं काम मिळालं ते संत्री वेचण्याचं. दर वसंतात प्रेंक त्यांच्या बंदराबाहेर संत्री समुद्रात सोडायचे, आणि ती आपल्या किनाऱ्याला कुठे लागतात ते आम्ही पाहायचो. एड्रियाटिक हा जवळजवळ बंदिस्त समुद्र. इथे सांडलेलं सहज बाहेर जात नाही, फिरत राहतं. आपल्या बाजूने ते उत्तरेकडे सरकतं. उद्या तिकडे तेल सांडलं, तर ते संत्र्यांच्याच वाटेने येणार.

मग कॅप्टनसाहेबांच्या टेबलावरचा फोन वाजायचा, पलीकडे प्रेंक. दोघांचीही इटालियन मोडकी.

"काय रे म्हाताऱ्या, पोचली का माझी संत्री?"

"पोचली. आंबट आहेत."

"अरे, खायला नव्हती दिली! मोजायला दिली होती!"

"मोजूनच खाल्ली."

आपण हसता आहात. गेल्या नोव्हेंबरात त्याच फोनवर प्रेंक एवढंच म्हणाले, "वुको, जहाज फुटलंय. तेल तुझ्याकडे येतंय. मी अजून वर कळवलेलं नाही. पळ."

संध्याकाळपर्यंत बोयाना नदीच्या मुखाशी आमचे तरंगते अडसर लागले होते. दुसऱ्या दिवशी तवंग आला. अडसरांबाहेरचा किनारा काळा झाला, पक्षी मेले. पण मासळी जिथे अंडी घालते, तिथपर्यंत तेल शिरलं नाही. अधिकृत सूचना तिसऱ्या दिवशी आली. ती सर्व बाबतींत अचूक होती.

परक्या देशाला आधी कळवलं म्हणून प्रेंकना पदावरून काढलं. इकडे, अनधिकृत माहितीवरून नौका हलवल्याची चौकशी झाली, आणि कॅप्टनसाहेबांची निवृत्ती दोन वर्षं अलीकडे आली. आजच्या या समारंभाचं कारण ते आहे.

सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर मी बसेन. संत्र्यांचा सराव यंदा रद्द झाला. त्याऐवजी मला नवी संगणकप्रणाली मिळाली, त्याबद्दल मी आभारी आहे. तवंग कुठे आणि किती तासांत पोचेल, हे ती संत्र्यांपेक्षा चांगलं सांगते. तेल सांडलंय, एवढं मात्र तिला कुणीतरी सांगावं लागतं.

परवा कपाट रिकामं करताना कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "पोरी, प्रेंकच्या जागी आलेला माणूस तुला फोन करेल?"

"नियमात बसत नाही, साहेब."

"ते राहू दे. आपल्या दारात सांडलं, तर कुठे जाईल?"

"उत्तरेला. क्रोएशियाकडे."

"मग तू करशील?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. उपसचिव महोदय समोर असताना आजही देणार नाही. फक्त एक सांगते. काल मी क्रोएशियातल्या पहिल्या बंदरात, माझ्यासारखंच काम करणाऱ्या बाईंना फोन केला. वसंतात थोडी संत्री पाठवू का, असं विचारलं.

"खायला?" त्या म्हणाल्या.

"मोजायला."

मग त्या म्हणाल्या, "वरून विचारून सांगते."

कॅप्टनसाहेब, अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्या टेबलावरचा फोन मी हलवलेला नाही.

अध्यक्ष महोदयांनी बोलू दिलं आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल आभार. यातलं काही आधी वर कळवायला हवं होतं असं वाटलं, तर उदार मनाने क्षमा करावी.