इफराचे वाजणारे बूट

...नाही, सामान हलवण्याचं मला काहीच वाटलं नाही. चौदा खोकी, एक फ्रीज, एक कपाट, ज्याचं दार टेम्पोला हिसका बसला की आपोआप उघडायचं... हे सगळं माणूस सोसतो. पण साडेतीन वर्षांच्या पोरीला घेऊन घर बदलायचं, आणि चौथ्या दिवशी भर दुपारी जुन्या घरमालकिणीचा फोन यायचा, की "जुबेर, तुझी पोरगी हितंच राहिलीय, न्यायला कवा येतो?" आता यावर काय बोलायचं? मी म्हणालो, "मावशी, इफरा माझ्यासमोर बसलीय." तर म्हणाल्या, "बसली असंल. पळती मातूर हितं."

तुम्हाला सांगतो, मी असलं काही मानत नाही.

मी दिल्लीत सहा वर्षं भौतिकशास्त्र शिकून परत आलो ते कशासाठी? आपल्या भागातल्या पोरांनी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारावं म्हणून. वारूळवाडीत चिमामावशींच्या माडीवर आम्ही राहायचो, मी, ताहेरा आणि इफरा, आणि खाली ओसरीवर दर रविवारी माझा वर्ग. त्या घराच्या जिन्यात रोज चार वाजता कुणीतरी खोकल्यासारखा आवाज यायचा. जिन्यातच मावशींच्या नवऱ्याचा, हौशीरामांचा, हार घातलेला फोटो. झालं, पोरं टरकायची. मी फळ्यावर आकृती काढली आणि सिद्ध करून दाखवलं, की चारला पाणी सुटतं, पायपात हवा कोंडते, ती हवा खोकते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "पायप मागल्या अंगाला हाय, बाबा."

पुढं शिनोलीला प्रयोगशाळेसाठी एक बंद गोदाम मिळालं, शेजारी राहायला घर, म्हणून आम्ही निघालो. टेम्पो भरला, इफरा पुढं ताहेराच्या मांडीवर, पप्पू ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि मावशी आडव्या आल्या. "ल्हान पोर घेऊन घर सोडतोय, उंबऱ्यावरनं पोरीला हाक मार. घरातल्याच माणसानं मारायची, तीनदा, नावानंच, मोघम न्हाई. आन् मग मागं बघायचं न्हाई. न्हाईतर पोराचा जीव घरात रेंगाळतो."

पोरगी गाडीत बसलीय, आणि मी रिकाम्या घराला हाक मारू? मी मावशींना दहा मिनिटं समजावून सांगितलं. पप्पूनं इंजिन बंद करून ऐकलं. शेवटी मावशी म्हणाल्या, "बरं बाबा, तू शिकलेला." आणि पप्पू म्हणाला, "भाऊ, मारून टाका ना एक हाक, डिझेल थोडंच लागतंय?" नाही मारली.

आता ते बूट. इफराचे बूट चालताना वाजतात, टाचेत शिट्टी असते ना, पीं पीं पीं... वारूळवाडीत त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. शिनोलीत उतरल्यापासून बूट वाजेना. पोरगी चालतेय, पाऊल पडतंय, आवाज नाही. मी बूट काढून अंगठ्यानं टाच दाबली, पीं. चांगली खणखणीत. पुन्हा तिच्या पायात घातला, चाल म्हटलं, चालली... काही नाही. मी तिचं वजन केलं, दाबाचं गणित मांडलं, वाजायलाच पाहिजे होता. आणि नुसते बूट गप्प असते तर मी ऐकून घेतलं असतं, पण पोरगीच गप्प. हसत नाही, हट्ट करत नाही, पुढ्यात ठेवलं तेवढं खाते, सांगितलं की झोपते. तुम्ही साडेतीन वर्षांचं पोर सांगितल्याबरोबर झोपलेलं बघितलंय कधी? भीती वाटते हो. घोडेगावच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, जागा नवी आहे, रुळेल. ताहेरा रात्रंदिवस तिला छातीशी धरून बसलेली. मला एकदाच म्हणाली, "जुबेर, हाक मारली असतीस तर काय जीभ झडली असती?"

सहाव्या दिवशी पुन्हा मावशींचा फोन. "ऐक," म्हणाल्या, आणि त्यांनी फोन छताकडं धरला.

पीं पीं पीं पीं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. वळताना डावा बूट जरा जास्त वाजायचा, तसाच. आणि मधेच ते हसणं. माझ्यासमोर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, पायांत तेच बूट, आणि फोनमधलं हसू ऐकून तिनं मान वर केली. बस, एवढंच केलं. मी स्कूटरची किल्ली घेतली.

मी असलं काही मानत नाही. मी फक्त गेलो.

गेलो, तर रविवार. ओसरीवर माझेच विद्यार्थी, आदेश, वृषाली आणि इतर सात-आठ जण, सर आले म्हणून गोळा झालेले. मी उंबऱ्यावर उभा. वर माडीवर पीं पीं. तोंड उघडलं, तर वृषाली विचारते, "सर, वर कुणी नाही ना, मग मावशी म्हणतात ती हाक कुणाला मारताय? का?" हे 'का' मीच शिकवलेलं. आता त्या पोरांसमोर मी रिकाम्या माडीकडं बघून 'इफरा, चल' म्हणू? मी हात झटकले, पोरांना घरी पिटाळतोय असं दाखवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "चला रे, चला सगळे, निघायचं आता." एकदा. दोनदा. तीनदा. मावशी आतून ओरडल्या, "आरं, नावानं..." पण तोवर जिन्यात पावलं वाजली. पीं पीं पीं. आणि तिच्यामागं सावकाश, एकेक पायरी, जड.

मागं बघायचं नव्हतं. स्कूटरवर बसलो, मागची सीट दबली. मग पुन्हा दबली, चांगलीच, टायर टेकतो की काय इतकी.

मंचरला पेट्रोल घ्यायला थांबलो. पंपावरचा माणूस माझ्याकडं बघतो, माझ्या मागं बघतो, आणि म्हणतो, "भाऊ, सीट उघडायची हाय, पोरीला आन् बाबांना उतरवा की जरा." मी काय करणार? समोर बघत म्हणालो, "उतरा." सीट हलकी झाली. पेट्रोल भरलं. समोर बघतच म्हणालो, "बसा." तो माणूस कौतुकानं म्हणाला, "थंडीचं त्यांना मफलर तरी द्यायचा, खोकत्यात बघा किती."

घरी पोचलो तर इफरा दारातच. पीं पीं करत आली, कपाटाच्या दाराला लोंबकळली, जेवणार नाही म्हणाली, झोपणार नाही म्हणाली, ताहेराच्या केसांत भात कालवला. ताहेरा रडत होती आणि हसत होती. दुसऱ्या दिवशी मी जिना नसलेल्या त्या घरात चार वाजता खोकला ऐकला आणि पायप शोधायलासुद्धा गेलो नाही.

आठ दिवसांनी मावशींचा फोन. आवाज एवढासा. "पोरगी गेली, चांगलं झालं... पन आमच्या मालकांचा खोकला बी येईना. अकरा वर्सं झाली त्यांना जाऊन, चारच्या चहाला रोज असायचे. तुज्याकडं आलेत का रे?" मी खोटं बोलू शकलो नाही. म्हणालो, "आहेत."

सोमवारी मावशी एसटीनं आल्या, नवं लुगडं नेसून. माझ्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. हाक मारायची ती घरातल्याच माणसानं आणि नावानं, नियम त्यांचाच. तोंड उघडलं... आणि लाजल्या. सत्तर वर्षांची बाई, कानापर्यंत लाल. "अहो," म्हणाल्या. आतून खोकला आला, माणूस हलेना. मी म्हणालो, "मावशी, नाव घ्या." तर म्हणतात, "कसं घेऊ? लग्नात घेतलं व्हतं एकदाच, नणंदेनं दार अडवलं म्हणून. त्यावर पंचेचाळीस वर्सं काढली." ताहेरा म्हणाली, "मावशी, सोपं असतं, हे बघा. जुबेर!" आणि मी हातातली बशी ठेवून गुमान आलो. मावशींनी पदर तोंडाला लावला. "आमच्यात न्हाई चालत असलं. पुढल्या सोमवारी बघू."

तेव्हापासून दर सोमवारी येतात. उंबऱ्यावर उभ्या राहतात, तोंड उघडतात, लाजतात, आत येऊन भिंतीकडं तोंड करून गावाकडच्या चार गोष्टी सांगतात आणि पाचच्या गाडीनं परत जातात. मागच्या वेळी मी हळूच विचारलं, "मावशी, नाव घ्यायचंय ना नक्की?" तर म्हणाल्या, "घाई हाय का तुला?"

घाई नाही. मी असलं काही मानत नाही, त्यामुळं मला कसली घाई? फक्त सोमवारी चहा चार कप टाकतो. त्यातला एक बिनसाखरेचा. शुगर होती त्यांना.