चंद्राबाईंची सीट

...अहो, नुसतं बसायचं तर होतं! तुम्हाला सांगतो, आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतल्या धर्मराजनं सेकंडहँड गाडी घेतली, पेढे वाटले, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि त्याची आई चंद्राबाई पुढच्या सीटवर बसल्या त्या किंचाळतच उठल्या! स्प्रिंग हो, स्प्रिंग! सरळ कमरेत! आणि गाडी घेतली कशासाठी? तर कंबरदुखीनं एसटीचा प्रवास सुटलेल्या आईला उरणला, माहेरी न्यायला! धाकट्या भावाचं, दादूचं, तोंड कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं बाईनं. धर्मराजच्या जिवाला ते लागून राहिलेलं. म्हणाला, नवी सीट टाकू. स्वस्तातली.

झालं! रविवारी वरात तुर्भ्याला, सीटांच्या दुकानात. दुकानदार म्हणतो, "सेठ, रेक्झिन लो, पोछा मारो, नया का नया!" चंद्राबाई बसल्या. "नको रं, तवा हाय तवा!" बरं, मखमल? "मी काय नवरी हाय?" जाड फोमची? "ही तर मना गिळतेय!" त्यात सून मिताली म्हणते, रंग पडद्यांना मॅच होत नाही. तेव्हा गाडीला पडदे लावायची फॅशन होती ना! आईला चालेल ती खिशाला चालेना, खिशाला चालेल ती आईला टोचे. धर्मराजला घाम फुटला. अरे, नुसतं बसायचं तर होतं!

शेवटी कोपऱ्यात एक दिसली. कुठल्याशा जपानी गाडीतून उतरवलेली, जोडी नाही म्हणून स्वस्त. चंद्राबाई बसल्या... आणि बोलेचनात! धर्मराज घाबरला, जवळ जाऊन बघतो तर काय, घोरतायत! भर दुकानात! रात्र रात्र तळमळणारी आई अशी गाढ झोपलेली बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं हो. घेतली! जुनी दुकानदारानं भंगारात ठेवून घेतली.

पण मेकॅनिक ज्योतिबा म्हणाला, "आज नाय, उद्या बसवतो." म्हणून सीट एका रात्रीपुरती घरी आली. हॉलमध्ये. टीव्हीसमोर. आणि तिथंच घात झाला! सकाळी धर्मराज उचलायला गेला, तर सीटवर जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर चंद्राबाई!

"येवरी चांगली वस्तू गाडीत? महिन्यातून एकदा निघनार ती! उन्हात सडवायची हाय?"

"आई, अगं ती गाडीचीच सीट आहे!"

"असू दे. घरात शोभतेय."

आता बोला! चांगल्या कपबशा कपाटात ठेवून फुटक्या कपात चहा पिणारी माणसं आपण, काय बोलणार? नुसतं बसायचं तर होतं... बसल्या की त्या!

आणि उरण? "दादूलाच बोलव." केला एसटीडी बूथवरून फोन. मामा एसटी बदलत, सुक्या बोंबलांची पिशवी सांभाळत आला. दिवसभर भाऊ-बहीण आळीपाळीनं सीटवर बसून हसतायत काय, रडतायत काय! धर्मराज खाली फरशीवर. मनातून सुखावला होता म्हणा, पण गाडीचं दुःख काही जाईना. संध्याकाळी किल्ली घेऊन म्हणाला, "मामा, चला, गाडीनं सोडतो."

मामानं खिडकीतून आत डोकावलं. ड्रायव्हरशेजारी, सीटच्या रिकाम्या जागेत आडवा टाकलेला जेवणाचा पाट निरखून बघितला आणि पिशवी काखेत मारून स्टँडकडे वळला.

"आदी गाडीला धड सीट तरी घाल रं भाच्या, मंग मोठेपना कर!"