कागद सोललेली चॉकलेटं

मिन्स्कच्या तुरुंगाबाहेर कैद्यांना सामान द्यायच्या रांगेत अलेस्या पहिल्यांदाच उभी होती. पुढे चॉकलेटांचे कागद सोलत बसलेली यानीना आणि तिची शेजारीण झोस्या बोलत होत्या.

“मावशी, तुझ्या पोराला तर लांबच्या तुरुंगात हलवलं ना? मग हे कोणाला?”

“अंतोसला.”

“तुझ्या पोराचं नाव पोलिसांना सांगणारा अंतोस?”

“तोच. नंतर त्यानंही खिडकीला सरकारविरोधकांच्या बंदी असलेल्या झेंड्याच्या रंगाचा पडदा लावला. आता सरकारच्या लेखी तोही दहशतवादी.”

“बरं झालं! सडू दे मेल्याला.”

“तोंड चालवण्यापेक्षा हात चालव. कागदासकट आत घेत नाहीत.”

“त्याची आई कुठं मेली?”

“घाबरते बिचारी. इथं दिसली तर नोकरी जाईल.”

“आणि तुझ्या पोराला कळलं तर?”

“भेटीत मीच सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“काचेपलीकडून म्हणाला, ‘आई, लसूण पाठवू नकोस, त्याच्या पोटात जळजळतं.’”

झोस्यानं एक चॉकलेट उचललं आणि कागद सोलायला घेतला.

अलेस्यानं मागून हात पुढे केला.

“मावशी, थोडी मला द्या सोलायला.”