पाचव्या प्रश्नाशी थांबलेलं पेन

वहिनी : खड्डा आहे. डावीकडून ये.

नणंद : आले. केंद्राच्या फाटकापासून तू खड्डा, पायरी, सायकल एवढंच बोलतेयस. शेवटचा पेपर झाला, वहिनी. बारावी संपली. काहीतरी बोल की.

वहिनी : मी काय बोलू? पेपर तुझा. मी नुसती सोबत.

नणंद : हो, फाटकावरच्या वॉचमनलाही तेच ऐकवलंस. ‘परीक्षा हिची, मी सोबत आलेय.’ सोबत म्हणे. मी सांगायचं आणि तू लिहायचं, हात मोडला असेल तुझा.

वहिनी : दिवसभर इस्त्री फिरवणारा हात आहे, त्याला काय होतंय? थांब, गाडी जाऊ दे. हं, चल.

नणंद : पाचव्या प्रश्नावरून गप्प आहेस ना?

वहिनी : तुला कसं कळलं?

नणंद : मला दिसत नाही, ऐकू तर येतं. ‘मांडलिक म्हणजे काय’ याचं उत्तर मी सांगितलं आणि तुझं पेन थांबलं. मग जरा वेळाने चालू झालं. चुकले ना मी?

वहिनी : तू भूदास सांगितलास. जमिनीला बांधलेला, जमीन दुसऱ्याकडे गेली की तिच्यासकट जाणारा. अगं, मांडलिक म्हणजे आपलं राज्य आपणच चालवायचं, पण वरच्या राजाला खंडणी द्यायची आणि त्याने बोलावलं की फौज घेऊन धावायचं. परवा शर्टांच्या कॉलरी करताना घोकून घेतलं होतं तुझ्याकडून.

नणंद : आणि वर म्हणाली होतीस, तुझा दादा मांडलिक आहे. दुकान त्याचं, हुकूम तुझा.

वहिनी : एवढं लक्षात राहिलं, तेवढी व्याख्या राहिली नाही. जिवाची नुसती तगमग झाली माझ्या. पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत होते. चार शब्द इकडचे तिकडे केले असते तर कोणाला कळलं असतं?

नणंद : मग का नाही केलेस?

वहिनी : तू बोलशील ते लिहायचं, म्हणून मी बसलेय तिथे. मला येतं ते लिहायला नाही.

नणंद : अकरावीच्या सहामाहीला लेखनिक म्हणून आलेली ती मुलगी आठवते? माझं उत्तर लांबलं की कापून टाकायची. मी बोलतच असायचे आणि पेन कधीच थांबलेलं असायचं. मला कळायचं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही.

वहिनी : आणि वार्षिकला आलीच नाही. सकाळी सकाळी निरोप.

नणंद : तू दुकान टाकून ओल्या केसांनी धावलीस. तेव्हापासून माझं वाक्य माझं राहिलं, वहिनी. चुकलं तरी माझंच चुकलं. आजचे ते मार्क गेले ना, जाऊ देत. मला त्याचं वाईट नाही वाटत. कोणीतरी माझं म्हणणं जसंच्या तसं कागदावर उतरवलं, याचंच बरं वाटतंय.

वहिनी : पुरे. रस्त्यात रडवू नकोस. कडेने चल, इथे वाळू पडलीय.

नणंद : नगरराज्य म्हणजे काय?

वहिनी : आता कशाला? पेपर झाला की.

नणंद : सांग तरी.

वहिनी : एक शहर, भोवतीची शेतं, आपला राजा, आपले कायदे. आणि शेजारच्या शहराशी कालव्याच्या पाण्यावरून कायमची कटकट.

नणंद : चित्रलिपी?

वहिनी : चित्रं काढून लिहायचं. बैल लिहायचा तर बैलाचं तोंड. तुझ्या तळहातावर बोटाने काढलं होतं मी.

नणंद : गुदगुल्या झाल्या होत्या, म्हणून तर पक्कं बसलं. कारागीर संघ?

वहिनी : एका धंद्यातल्या माणसांनी एकत्र यायचं. दर किती, काम कसं, शिकाऊंना कोणी शिकवायचं, सगळं मिळून ठरवायचं. आपल्या गल्लीत असता तर त्या पलीकडच्याने माझी गिऱ्हाइकं पळवली नसती.

नणंद : एवढं सगळं येतंय, मग दहावीला बसायला काय धाड भरलीय तुला?

वहिनी : हे मध्येच काय काढलंस?

नणंद : रात्रशाळेच्या बाई भेटल्या केंद्रावर. तू बाटली भरायला गेली होतीस तेव्हा.

वहिनी : त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

नणंद : गेल्या वर्षी बोलावलं, यंदाही बोलावलं, आणि तू दोन्ही वेळा नाही म्हणालीस. का, तेही सांगितलं त्यांनी.

वहिनी : नियमच आहे तसा. बारावीच्या पेपरला लेखनिक दहावी न झालेला लागतो. मी पास होऊन बसले असते, तर तुझ्याशेजारी कोणाला बसवलं असतंस?

नणंद : आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस.

वहिनी : बोलले असते तर तू ऐकलं असतंस?

नणंद : नसतं ऐकलं. वहिनी, सख्खी आई असती तर तिनेही हे केलं असतं की नाही, मला माहीत नाही.

वहिनी : उपकार केल्यासारखं नको बोलूस. लग्न ठरलं आणि माझं नववीचं पुस्तक मिटलं ते मिटलंच. तुला वाचून दाखवायचं म्हणून पुन्हा पुस्तक उघडलं. हाताने लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढायच्या आणि डोक्यात राजे, गलबतं, उंटांचे तांडे. मला किती सुख वाटायचं त्याचं. ते तुझ्यामुळे मिळालं मला.

नणंद : नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस आहे.

वहिनी : तुझा निकाल लागू दे आधी. इंग्रजीचं काही खरं नाही, त्यात आज हा पाचवा. पुन्हा बसायची वेळ आली तर मी लागेन. दहावी झाल्यावर माझा काय उपयोग?

नणंद : आली वेळ तर दुसरी शोधीन. आणि तिचं पेन थांबलं की विचारीन, बाई, का थांबलीस? एवढं बोलायचं बळ आता आलंय मला. तुझ्याकडूनच आलंय.

वहिनी : डावीकडे वळ. घर आलं.

नणंद : उजवीकडे. रात्रशाळेचा गलका मी रोज ऐकते.

वहिनी : अगं, ढीगभर कपडे पडलेत. संध्याकाळी लोक न्यायला येतील.

नणंद : दादा करील. मांडलिक आहे, बोलावलं की धावतो. चल. आता वाचायचं तू आणि घोकून घ्यायचं मी. माझ्या हाताला धर हवं तर.

(रात्रशाळेचं कार्यालय. टेबलामागे कारकून.)

कारकून : या, बसा. हिचं नाव घालायचं ना? काळजी करू नका, आमच्याकडे लेखनिकाची सोय होते.

वहिनी : नाही, म्हणजे तसं नाही हो. मी आपली…

नणंद : परीक्षा हिची आहे. मी सोबत आलेय.