थोरल्यासाठी गाऱ्हाणं

म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याची बस सुटायची होती. माझ्या पुढच्या बाकावर दोघे बोलत होते.

"रुद्रेश, तुझ्या भावानं गाडी सजवली म्हणे."

"साईशनं? चाकांवरच्या कमानींना रुंद काळ्या पट्ट्या चिकटवल्या. घरीच, अंगणात."

"दिसतात बऱ्या?"

"माजलेल्या रेड्यासारखी दिसते गाडी. आधीच केवढी मोठी, आता तिच्या बाजूनं माझी स्कूटर काढताना पोट आत घ्यावं लागतं."

"एकट्यानं बसवल्या?"

"कसला एकटा? बाबांनी धरल्या, त्यानं दाबल्या. चिकटपट्टी धरायला पत्रा गरम हवा, म्हणून माझ्या बायकोचा केस सुकवायचा ड्रायर मागून नेला. वारा घालायला तीच उभी, हसत हसत."

"आणि तू?"

"मी वर खिडकीत चहा पीत होतो."

"बरं."

"ऐक रे पुढं. पट्ट्या बसल्यावर बाबांनी राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसाठी. माझी स्कूटर आली तेव्हा नुसती अगरबत्ती ओवाळली होती."

"गाऱ्हाण्यात तुझं नाव घेतलं नाही, म्हणून राग?"

"घेतलं ना. म्हणाले, 'बा देवा म्हाराजा, धाकट्याची गाडी सांभाळ. आणि थोरलो मघापासून खिडकीत उभो आसा, तेका खाली येवची बुद्धी दी.'"

"मग गेलास खाली?"

"जाणार कसा? त्यावर सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं माझी बायको."